जिओजेब्रा अ‍ॅप: पॅराबोला कुणीकडे उघडतो ते दाखवतं, पण आधी फोन पालथा ठेवा

गणिताच्या आकृत्या काढणाऱ्या या अ‍ॅपला पाचपैकी चार तारे. घाईतल्या पालकांनी इथेच थांबलं तरी चालेल. अ‍ॅप फुकट आहे, एकदा उतरवून घेतलं की नेट नसतानाही चालतं, मधेमधे जाहिराती नाचत नाहीत. मला बोर्डवर तीनदा पुसून काढावं लागतं ते मुलाला बोट सरकवून दिसतं. एक तारा का राखून ठेवला ते शेवटी सांगते. त्याआधी एक इशारा मात्र सविस्तरच द्यायला हवा, कारण ज्या गोष्टीसाठी लोक हे अ‍ॅप घेतात, नेमकी तीच गोष्ट त्याच्या भरवशावर सोडली तर मुलाला शेवटपर्यंत येत नाही.

मी भांडुप पश्चिमेला घरीच शिकवण्या घेते. बाहेरची खोली, भिंतीला टेकवलेला पांढरा बोर्ड, खाली सतरंजी. मुलं बहुतेक मराठी माध्यमातून दहावी झालेली आणि अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी पुस्तकात पडलेली. बोलताना मग ‘टीचर, हा डाऊनवर्ड ओपन होतो ना?’ असंच बोलतात, मीही तसंच बोलते. अकरावीच्या पुस्तकात शंकुच्छेदाचा धडा येतो, त्यात पॅराबोलाची (वाटीसारखी वक्ररेषा, तिचं तोंड जिकडे असतं तिकडे ती ‘उघडते’) चार प्रमाण रूपं एका तक्त्यात मांडलेली असतात, आणि त्या तक्त्याशी मुलांची जी झटापट सुरू होते ती पार परीक्षेच्या सकाळपर्यंत.

अ‍ॅपबद्दल थोडी माहिती. मार्कुस होहेनवार्टर नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने २००१ मध्ये साल्झबर्ग विद्यापीठात शिकत असताना याची सुरुवात केली. नावातच जिओमेट्री आणि अल्जिब्रा दोन्ही आहेत, आणि कामही तेच: एका बाजूला समीकरण, दुसऱ्या बाजूला आकृती, एकीला हलवलं की दुसरी हलते. या नावाची बरीच अ‍ॅप्स दिसतात. आपल्याला हवं ते ग्राफिंग कॅल्क्युलेटर. बाकीची आत्ता नकोत.

आता मुळात हे अ‍ॅप माझ्या खोलीत का आलं ते. माझ्याकडची निम्मी मुलं स्टेशनजवळच्या एका मोठ्या क्लासलाही जातात. नाव घेत नाही. एसी आहे, पुलावरून दिसेल एवढं होर्डिंग आहे. तिथे पॅराबोलाची दिशा एका चित्रात आटोपतात: अधिक म्हणजे हसरा चेहरा, उणे म्हणजे रडका चेहरा. मुलं नोट्समध्ये दोन इमोजी काढून येतात आणि विषय संपला असं समजतात.

युक्ती खोटी नाही. वाय = ए एक्स² + बी एक्स + सी असं सरळ समीकरण समोर असेल तर एक्स²चा सहगुणक, म्हणजे ए, धन असला की पॅराबोला वर उघडतो, ऋण असला की खाली. बी कितीही असो, सी कितीही असो, दिशेच्या बाबतीत त्या दोघांना मत नाही. एवढं पाठ केलेला मुलगा दहातले सहा प्रश्न बरोबर सोडवेल. पण त्याच मुलासमोर वाय² = −८ एक्स ठेवा. सगळी सतरंजी एका सुरात: ‘रडका! खाली!’ उघडतो डावीकडे. चेहरा कुशीवर निजला की युक्ती संपली. मग त्या क्लासवाल्यांनी आणखी दोन इमोजी दिले, आडवे. म्हणजे पुस्तकातला चार ओळींचा तक्ता होता, त्याच्या जागी चार इमोजींचा तक्ता आला.

अ‍ॅप इथे कामाला येतं. इनपुटच्या ओळीत वाय = ए एक्स² + बी एक्स + सी असं अक्षरांतच टाईप केलं की ते स्वतःच ए, बी आणि सी यांचे तीन स्लायडर, म्हणजे बोटाने किंमत बदलायच्या पट्ट्या, तयार करतं. तिघांची सुरुवात १ पासून, सरकायला −५ ते ५ एवढी जागा. मी बी आणि सी शून्यावर आणते, फोन पालथा ठेवते आणि विचारते, ‘ए १ वरून −१ वर न्यायचाय. मधल्या वाटेत काय होईल?’

उत्तरं ठरलेली असतात. ‘गोल फिरेल.’ ‘टुणकन उलटा होईल.’ एखादा शहाणा म्हणतो, ‘गायब होईल आणि खाली येईल.’ प्रत्येकाने वहीत लिहायचं, मगच फोन सुलटा.

बोट हळूहळू डावीकडे सरकतं. ०.८, ०.५, ०.२. पॅराबोलाचे दोन्ही हात पसरत जातात, उथळ होत जातात. ०.१ ला तो जेमतेम उचललेला दिसतो. ० ला एक्स अक्षावर सपाट पडलेली रेषा. आणि −०.१ ला त्याच रेषेची टोकं किंचित खाली झुकलेली. फिरला कुठेच नाही, उलटला कुठेच नाही, सपाट होऊन पलीकडे गेला. पुस्तकात व्याख्येशेजारी ‘ए शून्य नसावा’ अशी अट छापलेली असते आणि मुलं ती नियमासारखी घोकतात. इथे तिचा अर्थ समोर पडलेला असतो: शून्यावर पॅराबोला राहतच नाही, आणि धन-ऋण यांच्या मधोमध तोच एक आकडा बसलाय. म्हणून दिशा चिन्हावर ठरते.

याच्या पुढचा खेळ फारसं कुणी खेळत नाही, आणि माझ्या मते अ‍ॅपची खरी किंमत त्यातच आहे. बीला २ वर ठेवा आणि ए पुन्हा तसाच शून्याकडे न्या. आता शिरोबिंदू, म्हणजे पॅराबोला जिथे वळतो ते टोक, जागेवर थांबत नाही. त्याचा एक्स निर्देशक −बी/२ए, म्हणजे इथे −१/ए. ए ०.५ असताना तो −२ ला, ०.१ ला −१० ला. ए लहान होतो तसा शिरोबिंदू डावीकडे आणि खाली धावत सुटतो, पडद्याबाहेर जातो. शून्यावर उरते ती नुसती तिरकी रेषा. शून्य ओलांडलं की तोच शिरोबिंदू उजवीकडून, वरच्या अंगाने परत येतो, आणि आता पॅराबोला खाली उघडलेला असतो. एक मुलगा हे बघून म्हणाला, ‘टीचर, हा ठाण्याला गेला आणि सीएसएमटीकडून आला.’ मी त्याला हसले, पण वर्णन चुकीचं नव्हतं.

आता ए १ वर स्थिर ठेवून बी हलवा. बहुतेकांना वाटतं, पॅराबोला आडवा सरकेल. सरकतो, पण सरकताना खालीही उतरतो. शिरोबिंदूचे ठसे पडद्यावर उमटत ठेवायची सोय अ‍ॅपमध्ये आहे. त्यासाठी शिरोबिंदू वेगळा बिंदू म्हणून टाकायचा: पहिला निर्देशक −बी/२ए, दुसरा सी − बी²/४ए. सेटिंगमध्ये जाऊन त्या बिंदूचा ‘ट्रेस’ चालू करायचा आणि बी या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा. ठशांची जी रांग उमटते तीही पॅराबोलाच, पण खाली उघडणारा! वर उघडणारा पॅराबोला स्वतः खाली उघडणाऱ्या पॅराबोलाच्या वाटेवरून चालतो. हे बघितल्यावर मुलं कागद मागतात. मागतात म्हणजे खरंच मागतात, कारण आता त्यांना ‘का’ हवं असतं. दोन ओळींचं काम आहे: शिरोबिंदूचा एक्स −बी/२ए, म्हणून बी = −२ए एक्स. तो दुसऱ्या निर्देशकात घाला, उरतं वाय = सी − ए एक्स². एच्या आधी उणे आपोआप आलं. ए धन तर ठशांचा पॅराबोला खाली, ए ऋण तर वर. शाळेत असताना मला हे कुणी दाखवलं नव्हतं, आणि दाखवायला लागणारी चित्रं खडूने काढत बसलं तर तास संपतो.

इथपर्यंत पाचपैकी पाच.

गडबड पुढे आहे. चार दिवस स्लायडर फिरवलेला मुलगा समीकरणाकडे बघणं सोडून देतो. दिशा विचारली की हात फोनकडे जातो. मग मी त्याला एक समीकरण देते: वाय = २ एक्स − ०.००१ एक्स². टाक म्हणते. पडद्यावर साधारण −१० ते १० एवढाच भाग दिसत असतो, त्यात ही दिसते अगदी सरळ, वर चढणारी रेषा. एक्स १० ला वाय १९.९, रेषा असती तर २०. एवढा फरक डोळ्याला काय दिसणार? मुलगा ठामपणे सांगतो, ‘टीचर, हा पॅराबोला नाहीच, लाईन आहे.’ शेजारची म्हणते, ‘वर जातोय, म्हणजे वर ओपन.’ चिमटीने लहान करत जायचं, करत जायचं, आणि मग कुठे एक्स १००० पाशी, वाय १००० उंचीवर, माथा दिसतो. तिथून तो खाली येतो आणि २००० ला पुन्हा अक्षावर उतरतो. पक्का खाली उघडणारा पॅराबोला. समीकरणात ते उणे चिन्ह पहिल्यापासून बसलेलं होतं, आणि ते वाचायला फोन लागत नव्हता.

यात अ‍ॅप खोटं बोललेलं नाही. त्याने जेवढी खिडकी होती तेवढंच दाखवलं. पण कारण काय ते त्याने सांगितलं नाही, आणि ते सांगणं त्याचं कामही नाही. कारण असं, की एक्स लहान असताना बी एक्स आणि सी यांची मजा चालते, एक्स मोठा झाला की वर्गापुढे कुणाचं काही चालत नाही. एक्स १० तर वर्ग १००, एक्स १००० तर वर्ग दहा लाख. ए हजारात एक भाग असला तरी कधी ना कधी एक्स²चं पद बाकीच्यांना मागे टाकतंच. आणि एक्स ऋण असो की धन, वर्ग धनच, म्हणून दोन्ही बाजूंचे हात एकाच दिशेला जातात. ती दिशा ठरवायला फक्त एचं चिन्ह उरतं. हे एकदा तोंडाने सांगता आलं की इमोजी खोडून टाकले तरी चालतात.

आडव्या पॅराबोलालाही माझ्याकडे वेगळा नियम नाही. एकच वाक्य आहे आणि ते मुलांनी सातवी-आठवीपासून ऐकलंय: कुठल्याही वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो. वाय² = −८ एक्स. डावीकडे वर्ग आहे, तो शून्य किंवा धन. म्हणून उजवीकडचं −८ एक्ससुद्धा शून्य किंवा धन हवं. ते केव्हा होईल? एक्स शून्य किंवा ऋण असेल तेव्हाच. म्हणजे सगळी आकृती वाय अक्षाच्या डावीकडे. मग उघडणार कुठे? डावीकडेच. वाय² = ८ एक्स असेल तर उजवीकडे. एक्स² = −१२ वाय असेल तर वाय ऋण, म्हणून खाली. पुस्तकातल्या तक्त्याच्या चारही ओळी या एका वाक्यात बसतात. नाभी (पॅराबोलाच्या पोटातला ठरलेला बिंदू) कुठे, तेही त्यातूनच निघतं, कारण पॅराबोला नाभीच्या दिशेने उघडतो आणि डायरेक्ट्रिक्सकडे, म्हणजे पाठीमागच्या ठरलेल्या रेषेकडे, पाठ करतो. वाय² = −८ एक्सची नाभी (−२, ०), पाठीमागची रेषा एक्स = २.

ही पद्धत वेषांतर केलेल्या समीकरणांना पकडते, आणि पेपर काढणारे समीकरणांना वेष चढवण्यात पटाईत असतात. ३ एक्स² + ६ वाय = १२. हसऱ्या चेहऱ्याची बॅच एक्स²आधीचे ३ बघते, धन आहे, म्हणून वर. आता वर्ग एकटा करा: ३ एक्स² = १२ − ६ वाय. डावी बाजू ऋण होऊ शकत नाही, म्हणून वाय २ पेक्षा मोठा होऊ शकत नाही. आकृती वाय = २ च्या वर जाणारच नाही. खाली उघडतो. चिन्ह वाचायचं ते दुसऱ्या चलाला पलीकडे नेल्यावर, आधी नाही. किंवा वाय² + ४ वाय + ८ एक्स − १२ = ०. वर्ग पूर्ण करा, दोन्हीकडे ४ मिळवा: (वाय + २)² = −८(एक्स − २). एक्स २ च्या पुढे जाऊ शकत नाही, डावीकडे उघडतो, आणि शिरोबिंदू (२, −२) फुकटात मिळाला.

इथे अ‍ॅप पुन्हा उपयोगी, पण पंचासारखं. वहीत दिशा लिहा, तिच्यापुढे ‘कारण’ लिहा, मग फोन सुलटा करून तपासा. समीकरण आहे त्याच अवस्थेत टाकलं तरी ते काढतं, वाय एका बाजूला आणावा लागत नाही, ही त्याची मोठी सोय. माझा नियम सोपा: वहीत कारण नसेल तर फोन पालथाच राहील. सुरुवातीला मुलं कुरकुरतात. एकीच्या आईने तर फोन करून विचारलं, ‘ताई, अ‍ॅप आहे तर लपवता कशाला?’ म्हटलं, ‘वहिनी, बोर्डाच्या हॉलमध्ये तुम्ही फोन देणार आहात का तिला?’

समीकरणच दिलेलं नसेल, नुसता किमतींचा तक्ता दिला असेल तर? हे क्लासात कुणी शिकवत नाही म्हणून इथे लिहिते. एक्स सारख्या अंतराने वाढतोय आणि वायच्या किमती समजा ७, ४, ३, ४, ७. लागोपाठचे फरक काढा: −३, −१, १, ३. त्या फरकांचे फरक काढा: २, २, २. सगळे सारखे आले म्हणजे पॅराबोला, आणि धन आले म्हणजे वर उघडणारा. एक्सचं अंतर १ असेल तर हा आकडा २ए असतो, म्हणजे इथे ए = १. दोन वजाबाक्या, बस.

आता एका मुलीचा प्रश्न, ज्याने माझं अ‍ॅपबद्दलचं मत बरंच वर नेलं. वडील रिक्षा चालवतात, मुलगी बोलते कमी आणि प्रश्न विचारते तोही वही मिटता मिटता. ‘टीचर, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. तिरका उघडतच नाही का?’ बोर्डाच्या अभ्यासक्रमात तिरक्याची गरज नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी याचं उत्तर ‘पोर्शनमध्ये नाही’ असं मिळतं. मी तिला (एक्स − वाय)² = ८(एक्स + वाय) लिहून दिलं आणि फोन अर्थातच पालथा. तिने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, ‘डावीकडे वर्ग आहे. म्हणजे एक्स अधिक वाय मायनस नाही होणार. म्हणजे वरच्या उजव्या बाजूला.’ बरोबर! फोन सुलटा केला तर (८, ०) आणि (०, ८) मधून जाणारा, मूळ बिंदूतून निघून पहिल्या चरणाच्या मधल्या रेषेवर रोखलेला तिरका पॅराबोला. हा मला फळ्यावर धड काढता आला नसता. बोटभर पडद्यावर तो इतका स्वच्छ आला की बाकीची मुलंही उठून बघायला आली.

तिरका कशाला हवा, असं कुणी विचारलं तर खिडकीतून समोरची इमारत दाखवते. प्रत्येक खिडकीच्या जाळीला टीव्हीची डिश (तिचा आकारही पॅराबोलाचाच), आणि एका कंपनीच्या सगळ्या डिश एकाच बाजूला तोंड करून. पृथ्वीसोबत फिरणारे हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर असतात, त्यामुळे मुंबईहून त्यांच्याकडे बघायचं तर तोंड दक्षिणेच्या अंगाला वळवावं लागतं. दूरदर्शनच्या फ्री डिशचा जीसॅट-१५ ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, मुंबई ७३ च्या आसपास, म्हणून ती डिश आग्नेयेकडे. घरांवरच्या डिश बहुतेक मोठ्या पॅराबोलाच्या पृष्ठभागातून एका बाजूचा तुकडा कापून घेतल्यासारख्या असतात, त्यामुळे त्या दिसतात समोरच्या पाचव्या मजल्याकडे रोखलेल्या आणि पकडतात त्याच्या खूप वरचं. नारायणगावजवळ खोडद आणि आसपासच्या भागात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत, त्या तर आकाशात हव्या त्या दिशेला वळवतात. तिथे वर-खाली-डावी-उजवी एवढ्यावर भागतच नाही.

राखून ठेवलेल्या ताऱ्याबद्दल एवढंच, की तो फोनच्या काचेचा आहे. आठ मुलांनी एका फोनभोवती डोकी घातली की मागच्या दोघांना पुढच्यांचे केसच दिसतात. स्लायडर बोटाने नेमका ०.१ वर थांबवायला धीर लागतो, माझ्या वयाच्या बोटांना जरा जास्तच. त्याला उपाय आहे, किंमत टाईप करून टाकायची. टॅब किंवा लॅपटॉप असेल तर हेच सगळं ब्राउझरमध्येही चालतं, आणि तो तारा परत मिळतो. माझ्याकडे दोन्ही नाहीत.

पहिल्या दिवशी मात्र आलेख कागदच. स्टेशनरीच्या दुकानातून सुटे कागद आणायचे, एक्सच्या सात किमती घेऊन वाय स्वतः काढायचा, बिंदू मांडायचे आणि हाताने जोडायचे. −३ चा वर्ग −९ लिहिणारा मुलगा त्या कागदावरच सापडतो, कारण त्याचा पॅराबोला एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली जातो. अ‍ॅपमध्ये तो कधीच सापडला नसता, तिथे वर्ग अ‍ॅप करतं. दुसऱ्या दिवसापासून फोन.

दहावीच्या मुलासाठी घाई करू नका. दहावीला भर वर्गसमीकरणाची मुळं काढण्यावर असतो, आणि परीक्षेच्या तोंडावर नवं खेळणं हातात दिलंत तर ए-बी-सी बाजूला राहून मुलगा रंग बदलत बसेल, रंग बदलायची सोयही अ‍ॅपमध्ये भरपूर आहे. मार्चमध्ये पेपर संपले की टाका. अकरावी सायन्सच्या मुलाच्या फोनवर आजच टाका, आणि टाकल्या टाकल्या त्याला २ एक्स + वाय² − ६ वाय + १ = ० हे समीकरण द्या. फोन पालथा, वहीत दिशा आणि तिच्यापुढे कारण.